गुबकाचा कोपरा

सूर्य वर येऊन बरोबर दोन घटका झाल्या होत्या. सोणाने नुकतीच सारवलेली जमीन गुबक डुकराने तोंड खुपसून उकरली, आणि मागावरचं सूत ओढून तिच्या नवऱ्याचं तीन दिवसांचं विणकाम मातीत घातलं.

ही गोष्ट पूर्वीची, एका चुळबुळ्या भिक्षूला विहारातून काढा असं एक स्थविर, म्हणजे वडीलधारा भिक्षू, म्हणाला तेव्हा भगवंतांनी सभेत सांगितलेली. उसीरनगरात धनुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मले होते आणि या विणकराच्या शेजारीच राहत होते. गुबकाची आई मेली तेव्हा सोणाने त्याला बोटाने दूध चाटवून जगवलं होतं.

"पौर्णिमेला खाटीक येईल," तिचा नवरा तिष्यक म्हणाला. "तोवर काय लाड करायचे ते करून घे!"

डुकराच्या धुडगुसात आपल्या तान्ह्याची झोळी कलंडेल, ही भीती सोणालाही दिवसभर कुरतडत असे. पण बोटाने दूध पाजलेल्याला सुरीखाली कसं द्यायचं? ती कुंभारबाबांकडे गेली. "बाबा, मारून पाहिलं, कोंडून पाहिलं. आता तुम्हीच सांगा."

बोधिसत्त्व तिच्या ओसरीवर येऊन बसले. गुबक आत शिरून चुलीजवळ उकरू लागला. तान्हं उठेल म्हणून सोणाने झटकन भाकरीचा तुकडा अंगणात फेकला. तो धावला, खाऊन परत आला, पुन्हा उकरू लागला. दुसरा तुकडा. मग तिसरा.

"असं कधीपासून चाललंय, पोरी?"

"पिल्लू होता तेव्हापासून. तेवढ्यानेच गप्प बसतो."

"मग उकरलं की भाकरी मिळते, हे त्याला शिकवलं कोणी?"

सोणा हातातल्या तुकड्याकडे बघतच राहिली.

बोधिसत्त्वांनी आपल्या कामाची मऊ माती आणून अंगणाच्या कोपऱ्यात ओतली, तिच्यात सुरणाचे तुकडे पुरले. "उकरणं त्याच्या नाकातच आहे. त्याला जागा दे. खाणं फक्त इथे. घरात एक कणही नाही, तान्हं रडलं तरी."

पहिले तीन दिवस तान्हं रडलं, गुबक किंचाळला, सोणाही रडली. जमीन आणखीच उकरली गेली. पण तिचा हात भाकरीकडे गेला नाही.

पौर्णिमेला खाटीक दोर घेऊन दारात उभा राहिला. तिष्यक जेवत होता. गुबक आत आला आणि त्याने जमिनीला नाक लावलं. तिष्यकाचा हात सवयीने पानातल्या भाकरीकडे गेला.

"अहो, नको!" सोणाने त्याचं मनगट धरलं.

गुबक थांबला, एकदा फुरफुरला, आणि अंगणात जाऊन आपल्या कोपऱ्यातली माती उकरू लागला.

खाटीक हसला. "दादा, डुकराला वळण लागलं. तुम्हाला कधी लागायचं?"

तिष्यकाने भाकरी पानात ठेवली. "दोर घेऊन जा, बाबा," तो हळूच म्हणाला.

एवढं सांगून भगवंत म्हणाले, "त्या वेळचा गुबक म्हणजे सभेत चुळबुळणारा हा भिक्षू. सोणा म्हणजे त्याच्यासाठी झुरणारी त्याची आई. त्याला विहारातून काढा म्हणणारा स्थविर तो तिष्यक. आणि कुंभार मी स्वतः होतो."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी आचरली ती प्रज्ञा, करुणेला सोबत घेऊन चालणारी. ज्यांच्या घरी तान्हं आहे किंवा मुकं जनावर आहे, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट तेवढी पोचवा.