टिचकीचं बैरंग पार्सल

ओढ्याच्या काठी एक दगड. दगडाखाली एक बीळ. बिळात राहायची टिचकी.

टिचकी म्हणजे एक इवलीशी चिचुंद्री. नाक लांब, पाय आखूड आणि ऐट केवढी! ऐट का नसणार? टिचकीला भाऊ झाला होता. भाऊ शेंगदाण्याएवढा. पण टिचकी ताई झाली ना! मग काय विचारता. मान वर, छाती पुढे.

आज बाळाचं बारसं. पाळणा तयार. घुगऱ्या तयार. पण नाव? नावच नाही!

बाळाचं नाव ठेवते कोण? आत्या. आत्या राहते डोंगरापलीकडे. तिचा पाय मुरगळला, चालता येईना. मग आत्याने काय केलं? नाव कागदावर लिहिलं. कागद कुंचीत गुंडाळला. कुंचीचं पार्सल केलं आणि टपालाने पाठवून दिलं. पण पार्सल आलंच नाही.

आई रडवेली झाली. "हरवलं की काय गं? माझं बाळ बिननावाचंच राहणार का?"

"राहील कसं? मी आणते पार्सल," टिचकी म्हणाली. "मी कोण? मी ताई!"

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

बांधावर टपालघर. टपालघरात बगळेकाका. एका पायावर उभे, दुसऱ्या पायात शिक्का.

"बगळेकाका, बगळेकाका, पार्सल द्या.
पार्सल मिळालं की बाळाला नाव मिळेल.
मी कोण? मी ताई!"

बगळेकाकांनी मान लांब केली. पिशवीत डोकावले. "पार्सल हरवलं नाही, अडकलंय. तुझी आत्या तिकीट लावायलाच विसरली. बैरंग पार्सल आहे हे. बैरंग म्हणजे बिनतिकिटाचं. आता एकाच्या जागी दोन तिकिटं लागतील. तिकिटं आण, पार्सल ने. आणि लवकर ये हो. ऊन उतरलं की पार्सल परत जाणार!"

परत? अरे बापरे! निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

तिकिटं कापतं कोण? शिंपीणकाकू. एवढीशी पाखरीण, पण चोच काय चालते! चिर्र टुक, चिर्र टुक.

"शिंपीणकाकू, शिंपीणकाकू, तिकिटं द्या.
दोन तिकिटं मिळाली की बगळेकाका पार्सल देतील.
पार्सल मिळालं की बाळाला नाव मिळेल.
मी कोण? मी ताई!"

"ताई असशील गं. पण तिकिटं कापू कशाची? पान कुठाय? पान आण, तिकिटं ने."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत केळमावशी. उंच उंच, पण मान खाली घातलेली.

"केळमावशी, केळमावशी, पान दे.
पान मिळालं की शिंपीणकाकू तिकिटं देतील.
दोन तिकिटं मिळाली की बगळेकाका पार्सल देतील.
पार्सल मिळालं की बाळाला नाव मिळेल.
मी कोण? मी ताई!"

"ताई असशील गं. पण माझा घसा बघ, कोरडा पडलाय. नवं पान फुटेल कसं? पाणी आण, पान ने."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

खाली ओढेदादा. पाणी भरपूर, पण जागच्या जागी. डुबुक डुबुक.

"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे.
पाणी मिळालं की केळमावशी पान देईल.
पान मिळालं की शिंपीणकाकू तिकिटं देतील.
दोन तिकिटं मिळाली की बगळेकाका पार्सल देतील.
पार्सल मिळालं की बाळाला नाव मिळेल.
मी कोण? मी ताई!"

"ताई असशील गं. पण केळीकडे जाऊ कुठून? वाट गाळाने बुजलीय. वाट आण, पाणी ने."

वाट कशी आणायची बाई? वाट काय पिशवीत मावते? पण टिचकी थांबते थोडीच! तुरुतुरु तुरुतुरु.

गाळात बसले होते खेकडेआजोबा. ही मोठी नांगी! ती मोठी नांगी! टिचकी दोन पावलं मागे सरकली. पण मान? मान वरच.

"खेकडेआजोबा, खेकडेआजोबा, वाट द्या.
वाट मिळाली की ओढेदादा पाणी देईल.
पाणी मिळालं की केळमावशी पान देईल.
पान मिळालं की शिंपीणकाकू तिकिटं देतील.
दोन तिकिटं मिळाली की बगळेकाका पार्सल देतील.
पार्सल मिळालं की बाळाला नाव मिळेल.
मी कोण? मी ताई!"

"ताई असशील गं. पण खणू कसा? नांगीत काटा रुतलाय. चार दिवस झाले, ठणकतोय नुसता. काटा काढायला कुणाला तरी आण, वाट ने."

आता कुणाला आणायचं? टिचकीने इकडे पाहिलं, कुणी नाही. तिकडे पाहिलं, कुणी नाही. ऊन तर उतरायला लागलं.

"मीच काढते," टिचकी म्हणाली.

"तू? एवढीशी? माझ्या नांगीला भल्याभल्यांची बोबडी वळते!"

"मलाही भीती वाटते, आजोबा. पण मी ताई आहे ना! हलायचं नाही हं. अगदी गप्प बसायचं."

आणि आजोबा खरंच गप्प बसले!

टिचकीने लांब नाक नांगीत घातलं. बारीक दातांनी काटा धरला. हुं... निघेना. हुंऽऽ... निघेना. हुंऽऽऽऽ... पुट्टकन निघाला!

"हाश्श! शाब्बास गं ताई!" आजोबा म्हणाले. बघा, 'ताई असशील' नाही म्हणाले. नुसतं ताई म्हणाले!

मग काय! खेकडेआजोबांनी खणली वाट. खरड खरड, खरड खरड.
वाट मिळाली, ओढेदादाने दिलं पाणी. खळ खळ, खळ खळ.
पाणी मिळालं, केळमावशीने दिलं पान. फडड फड!

पान केवढं? टिचकीच्या घराएवढं! टिचकीने ते तोंडात धरलं आणि ओढत ओढत नेलं. सर्र सर्र, सर्र सर्र.

पान मिळालं, शिंपीणकाकूंनी कापली तिकिटं. चिर्र टुक, एक. चिर्र टुक, दोन.

टिचकी पळाली. तुरुतुरुतुरुतुरुतुरु! बगळेकाका पिशवीचं तोंड बांधतच होते.

"थांबा काका, थांबाऽऽ! ही घ्या दोन तिकिटं!"

बगळेकाकांनी तिकिटं मोजली. एक. दोन. पार्सलावर लावली. शिक्का उचलला. ठप्प! ठप्प!

पार्सल टिचकीहून मोठं. बगळेकाका म्हणाले, "अगं, मी आणून देऊ का?"

"नको काका. मी नेते. मी ताई!"

थोडं ढकललं. थोडं ओढलं. थोडं लोळवलं. गड गड, गड गड. पार्सल आलं घरी!

घरी पाहुणेच पाहुणे. आईने पार्सल उघडलं. आत लाल कुंची, कुंचीत कागद, कागदावर नाव. बाळाला कुंची घातली. बाळाला पाळण्यात ठेवलं. सगळे पाळण्याभोवती जमले.

आता बाळाच्या कानात नाव सांगायचं. तो मान आत्याचा. पण आत्या कुठाय? आत्या तर डोंगरापलीकडे. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कोण सांगणार? कोण सांगणार?

आई म्हणाली, "जिनं नाव आणलं, तीच सांगेल. ये गं टिचकी, पुढे ये."

टिचकी पुढे आली. पाळण्यात वाकली. बाळाच्या कानाशी लांब नाक नेलं.

"कुर्रर्रर्र... बाळाचं नाव गजराज!"

बाळ शेंगदाण्याएवढं आणि नाव गजराज! बाळ खुदकन हसलं. आवडलं की हो त्याला!

आणि नाव सांगणाऱ्या आत्याला मिळतं काय? पाठीत धपाटे! मग टिचकीला कोण सोडतंय? आईने दिला, धप्प! बाबांनी दिला, धप्प! पाहुण्यांनी दिले, धप्प, धप्प, धप्प! सगळे हसले आणि सगळ्यात मोठ्याने हसली टिचकी.

मग घुगऱ्या वाटल्या, सगळ्यांनी खाल्ल्या. टिचकी पाळण्यापाशी बसली. पाठ जराशी चुरचुरत होती. तरी ती ताठ बसली.

कुणी विचारलं, "काय गं, लागलं का?"

टिचकी म्हणाली, "लागलं थोडंसं. पण ते धपाटे माझे आहेत हं. मला मिळालेत!"