न ऐकता मंजूर

गावच्या सोसायटीचे चेअरमन यशवंतदादा लोकशाहीचे मोठे भक्त. वार्षिक सभेत ते ठराव तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, पुढच्या रांगेतली त्यांची माणसं "मंजूर, मंजूर" ओरडायची, की झाली लोकशाही. यंदा शेतकऱ्यांचं गोदाम असंच दादांच्या जावयाला मंजूर झालं.

सभासद बाळाक्काचं पित्त खवळलं. आभार मानायच्या निमित्तानं तिनं माईक घेतला आणि दादांसारखंच पुटपुटली, "दादांनी राजीनामा द्यावा."

"मंजूर, मंजूर," पुढची रांग गरजली.

दादा ताडकन उठले. "हा ठराव धरायचा न्हाई. माणसं न ऐकताच वरडली."

"मग गोदामाचं तरी कुणी ऐकलं हुतं?" बाळाक्का म्हणाली. "धरा तर दोन्ही धरा, न्हाईतर दोन्ही सोडा."

दादांनी खाली बसून दोन्ही हातांनी खुर्ची धरली. गोदाम आपोआप सुटलं.