विहिरीवरच्या दगडाची तारीख

"...पण बाबा, पंचमी की नऊ तारीख, एवढंच सांगायचंय. एक शब्द."

"कशाला?"

"दगडावर कोरायला. बाहेर पाथरवट खोळंबलाय."

प्राध्यापक भालचंद्र इनामदार हे तिसऱ्यांदा विचारत होते. सोनबाबा मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होते.

इनामदारांची ख्याती तारखांची. वीस वर्षं ते वर्तमानपत्रात रोजचा दिनविशेष लिहायचे. कुठला तह कधी झाला, कुठला किल्ला कधी पडला, झोपेतून उठवून विचारा. एवढ्या मोठ्या माणसाचं घोडं अडलं ते स्वतःच्याच गावच्या विहिरीवर.

त्यांच्या आजोबांनी, दाजीसाहेब इनामदारांनी, ही विहीर एके दिवशी सगळ्या जातींना खुली केली होती. साल ठाऊक होतं, पण तो दिवस कोणता, हे गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अर्धं गाव म्हणे वैशाखातली पंचमी. अर्धं म्हणे मे महिन्याची नऊ. म्हणून दोन मांडव, दोन मिरवणुका. गेल्या साली एकाचं डोकं फुटलं. इतकी अक्कल असलेली माणसं एका तारखेपायी अशी वागतात, याला काय म्हणावं.

शेवटी इनामदारांनी मध्ये पडून दोन्ही गटांना शब्द दिला. खरी तारीख मी आणतो, विहिरीवर दगड बसवू, त्यावरची तारीख सगळ्यांनी मानायची. दगडावर दाजीसाहेबांचं नाव कोरून झालं होतं. तारीख आज संध्याकाळपर्यंत हवी होती. नाही मिळाली तर उद्या दोन्ही मांडवांतले लोक हसणार होते. जगाच्या तारखा सांगतो आणि घरची ठाऊक नाही.

तो दिवस डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं, सोनबाबा. मूळचे खालच्या वस्तीतले. खालच्या वस्तीचा पहिला पोहरा त्या दिवशी त्यांच्या आईनं ओढला होता. पुढे ते बैरागी झाले, मुलूखभर फिरले आणि म्हातारपणी विहिरीशेजारच्या खोपटात येऊन राहिले. पंधरा वर्षं इनामदार दर गुरुवारी त्यांच्याकडे येत. पाया पडत. चारचौघांत त्यांना गुरू म्हणत.

"बरं, तारीख नाही आठवत," इनामदार वैतागून म्हणाले, "मग जे आठवतं ते तरी सांगा."

"ऊन हुतं."

"बाबा, वैशाखात ऊन असणारच."

"तुझ्या आजोबांनी भाषण केलं. लई लांबलं."

"पुढे?"

"आईनं पाणी काढलं. पेला भरून तुझ्या आजोबांम्होरं धरला. म्हणाली, पयलं तुमी घ्या."

"मग?"

बाबांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हणाले, आज उपास हाय."

इनामदार ताडकन उठून उभे राहिले.

"उपास म्हणाले? नक्की?"

"नक्की."

"मग एकादशी. दाजीसाहेब दुसरा उपास धरतच नव्हते. रात्री चांदणं होतं?"

"हुतं."

"म्हणजे शुद्ध एकादशी." इनामदारांनी मोबाइलवर जुनं पंचांग काढलं.

"उपासाला पाणी चालतं," बाबा म्हणाले.

"चालतं हो. मुद्दा तो नाही."

"नाही?"

"सापडली. बाबा, तारीख सापडली. पंचमीवाले चुकले, नऊवालेही चुकले." त्यांचा चेहरा खुलला होता. "हे आधीच बोलला असता तर माझे तीन गुरुवार वाचले असते."

बाबांनी सूप खाली ठेवलं. दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"एवढं शिकलास... तुला खरंच कळत न्हाई का रं?"

"काय?"

बाबा उत्तर न देता उठले. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि इनामदारांपुढे धरला.

"पाणी पी, आन् मग जा."

"नको बाबा. आहे माझ्याकडे." इनामदारांनी पिशवीतली बाटली दाखवली.

"सकाळी पाटलाकडं काय घेतलंस?"

"पन्हं. दोन पेले. का?"

"कुठल्या पाण्याचं?"

गावात पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं होतं. पाटलांच्या घरातही आणि बाबांच्या माठातही.

पेला तसाच पुढे धरलेला होता. तारीख ठरल्याचं कानावर आलं म्हणून पाथरवट छिन्नी घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. तोही बघत होता.

इनामदारांचा हात थोडासा उचलला गेला... आणि बाटलीवर जाऊन थांबला.

"तसं काही नाही हो बाबा. मला पाणी बदललं की जरा पोटाला..."



पेल्यातलं पाणी हिंदकळून बाबांच्या पायावर सांडत होतं. तरी ते थांबले. मग पेला त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावला, सावकाश रिकामा केला आणि इनामदारांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"कारागीर, तारखेची जागा मोकळीच ऱ्हाऊ दे."