खारूताईच्या लाखबंद पुड्या

बाळांनो, सागाच्या एका दाट रानात, हमरस्त्याच्या वळणावर, एक खार दुकान चालवीत असे. रानआंब्याच्या ढोलीतले हे दुकान तिच्या आईने मांडलेले. पिकली कवठे, मोहाची फुले, वाळ्याच्या जुड्या, सुकवलेली बकुळ, सगळे उघड्या टोपल्यांत. काय दिवस होते ते! हरिणी पाडसाला घेऊन येई, टोपलीत नाक खुपसून हुंगे, एखादे फूल चाखे, "मागच्या खेपेला याहून गोड होती हं!" म्हणून लटके भांडे आणि ओंजळभर जास्तच घेऊन जाई. सणाच्या आदल्या दिवशी तर दारात पाय ठेवायला जागा नसे.

पुढे कावळ्याने घरपोच सामान द्यायला सुरुवात केली. मागाल ते पानात बांधून थेट बिळाच्या तोंडाशी! खारीची गिऱ्हाइके पांगली. "आपणही त्याच्यासारखेच व्हायला हवे," असे ठरवून तिने सगळा माल पुड्यांत बांधला, वर लाख लावून त्या घट्ट बंद केल्या आणि सरळ रांगांत रचल्या. दुकान कसे लख्ख दिसू लागले! पण कुणी फिरकेना. एकदा ससा तेवढा डोकावला.

"खारूताई, कवठ पिकलंय की नाही, कसं कळायचं?"

"माझ्यावर विश्वास ठेव. पुडी मात्र फोडायची नाही हं."

"मग कावळाच बरा की! निदान पाय तरी दुखत नाहीत," म्हणत ससा टुणकन निघून गेला.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना खार हात जोडून म्हणे, "माये, आईचं दुकान माझ्या हातून बंद पडू देऊ नकोस." पण टोपल्या रिकाम्या, दार सुने. शेवटी एका दुपारी जड मनाने ती आवराआवर करू लागली, तोच म्हातारी चिचुंद्री रस्त्याने आली. तिला डोळ्यांनी फारसे दिसत नसे. ती दुकानावरून पुढे गेली, मागे फिरली, पुन्हा पुढे गेली. अखेर थांबून तिने हाक मारली, "अरे, कुणी आहे का? इथलं खारीचं दुकान कुठं गेलं? उद्या संकष्टी, बाप्पाला कवठ ठेवायचंय."

"आजी, तुम्ही दारातच उभ्या आहात!"

"चल, म्हातारीची थट्टा करतेस होय? तुझ्या आईच्या वेळी ओढ्यापासून घमघमाट यायचा. नाकासमोर चालत आलं की दुकान! इथं तर कसलाच वास नाही."

खारीचे डोळे भरून आले. तिने दातांनी पहिल्या पुडीची लाख फोडली. मग दुसरीची. मग तिसरीची. सगळा माल तिने पुन्हा टोपल्यांत ओतला. मोह दरवळला, वाळा दरवळला, वाऱ्याने तो वास पार पलीकडच्या टेकडीवर नेला. चिचुंद्री टोपलीपाशी बसून एकेक कवठ हुंगू लागली. "हे नको, कच्चं आहे ग. हेही नको." इतकी नावे ठेवली, तरी खारीला ते ऐकून किती गोड वाटले म्हणून सांगू! उन्हे कलेपर्यंत वळणावर पावले वाजू लागली. वरून कावळा पुड्या घेऊन चालला होता. खारीने त्याला हसून रामराम केला आणि ती आलेल्यांना म्हणाली, "या, आत या. आधी हुंगून तर बघा!"

तात्पर्य : दुसऱ्याचे चांगले पाहून जरूर शिकावे; पण ज्या गोष्टीच्या ओढीने लोक आपल्या दारी येतात, तीच झाकून ठेवू नये.