हैबतीची पकड

पुष्कळ वर्षांमागे डोंगरांच्या कुशीत एक नगर होते. नगराचे सैन्य शूर होते, पण राजा कायम काळजीत असे. लुटारू व्यापाऱ्यांच्या वेशात आत शिरत आणि सैनिकांना शत्रू कोण, मित्र कोण, हेच कळत नसे.

राजाने म्हाताऱ्या वैद्यबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "महाराज, आपल्या रक्तात काय चालतं ते पाहा. तिथे बारीक राखणदार फिरत असतात. बेचक्यासारखा त्यांचा आकार. वर दोन हात, खाली एक दांडा. हातांची टोकं एकाच रोगाच्या खुणेवर चपखल बसतात, दुसऱ्या कशावर बसत नाहीत. खूण जुळली की ते घट्ट धरतात. मग तो दांडा पाहून रक्तातले लढवय्ये धावून येतात आणि रोगाचा फडशा पाडतात. धरणारे बहुधा स्वतः मारत नाहीत. त्यांचं काम ओळखायचं आणि धरायचं."

राजाने तसेच राखणदार नेमले. आपसांत ओळख पटावी म्हणून लुटारूंची प्रत्येक टोळी कमरेला आपल्या खुणेची पितळी चकती बांधत असे. राखणदाराला एकेका चकतीचा मातीचा साचा मिळाला. साचा चकतीवर बसला, तरच माणूस धरायचा आणि आरोळी ठोकायची. आरोळी ऐकली की सैनिक धरलेल्या माणसावर वार करत. ते काही विचारत नसत, कारण विचारण्याचे काम राखणदाराने आधीच केलेले असे.

हैबती हा त्यांतलाच एक. त्याच्या वाट्याला आलेली टोळी सात वर्षांत फिरकलीच नव्हती. बाकीच्यांना मानाचे शेले मिळाले, हैबतीला थट्टा मिळाली. "हैबतराव, तुमचा साचा उंदरांनी खाल्ला की काय?" असे सोबती विचारत. तो हसून वेळ मारून नेई, पण आतून जळत असे.

एके दिवशी भर दुपारी वेशीतून एक माणूस आला. अंगभर धूळ, तोंडाला फडके गुंडाळलेले. कमरेला पितळी चकती चमकत होती, तिच्यावर टोकदार चांदणी. हैबतीच्या साच्यातही चांदणीच होती.

त्याने साचा काढलाच नाही. झेप घालून दोन्ही हातांनी त्या माणसाला आवळले आणि जोरात आरोळी ठोकली.

"अरे हैबती, मी मसू! मसू पखाली!" फडक्याआडून आवाज आला.

मसू नगराला पाणी पुरवायचा. जत्रेहून तो पाण्याची पखाल वाहायला नवा रेडा बघून परतत होता, आणि चकती त्याने तिथेच हौसेने घेतली होती. हैबतीने तो आवाज ओळखला. हात सोडायला एक क्षण पुरला असता. पण भोवती माणसे जमली होती, थट्टा करणारे सोबती बघत होते. आता सोडले तर काय म्हणतील? त्या एका क्षणात हैबतीने पकड आणखी घट्ट केली.

भाला मसूच्या खांद्यात घुसला.

मग कुणीतरी साचा लावून पाहिला. साच्यातल्या चांदणीला सहा टोके होती, चकतीवरच्या चांदणीला पाच.

मसू वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. राजा त्याच्या अंथरुणापाशी आला, तेव्हा तो म्हणाला, "महाराज, गलका फार होता. त्याला माझा आवाज ऐकू आला नसेल."

हैबती दारात उभा होता. मसूने त्याच्या चुकीवर पांघरूण घातले, हे त्याला कळले. त्याला वाटले, भाला आपल्याला लागला असता तर बरे झाले असते.

"ऐकू आला होता," तो खाली बघत म्हणाला. "ओळखलाही होता. लोक हसतील म्हणून सोडलं नाही."

 मसूच्या खांद्याला पट्टी बांधता बांधता वैद्यबाई म्हणाल्या, "रक्तातही कधी कधी असे राखणदार निपजतात. ते आपल्याच अंगाला परकं समजून धरतात. त्या दुखण्याला बाहेरचा शत्रू लागत नाही."

राजाने हैबतीचा साचा काढून घेतला. पण नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. लोक राखणदारांना बिचकू लागले, वेस टाळून आडवाटांनी ये-जा करू लागले. पावसाळा संपला तेव्हा त्याच आडवाटांनी लुटारू आले आणि धान्याची कोठारे लुटून गेले.

हैबती मसूची पखाल वाहू लागला. त्याला कुणी सांगितले नव्हते. तो घरोघर पाणी घाली, आणि मिळेल ते सगळे मसूच्या घरी पोचवी. मसूची बायको दार उघडून ते घेई आणि लगेच आत वळे. एकदा मसू आतून म्हणाला, "हैबती, बस की जरा."

हैबती उंबऱ्याशी थांबला. डाव्या हाताने घास उचलताना मसूची भाकरी ताटाबाहेर पडली होती. हैबतीने ती उचलून परत ताटात ठेवली आणि वर न बघता निघून गेला. पुढे कितीतरी वर्षे तो रोज त्या दारी आला, पण बसला कधीच नाही.

बोध: चूक कळल्यावरही लोकलाजेपायी जो पकड सोडत नाही, तो आपल्याच माणसांचा वैरी होतो.