ताप आणि खरेदीखत

नानासाहेब रणखांब्यांना आपल्या अकलेचा भारी गर्व. त्यांनी गिरणीवाल्या कौसाबाईंना आपलं जुनं घर विकलं आणि महिन्याभरातच दारावरून नवा रस्ता मंजूर झाला. भाव दुप्पट झाला, तसे नानासाहेब तंटामुक्ती समितीपुढे येऊन गरजले, "सही केली त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो. अक्कल ठिकाणावर नव्हती. खरेदीखत रद्द करा!"

समितीच्या अध्यक्षांनी निमूटपणे कागद पुढे ओढला. नानासाहेबांपुढे बोलणार कोण?

कौसाबाई पदरावरचं पीठ झटकत उठल्या. "करू की रद्द. खतात 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' असं लिहिलंय, ते खोटंच ठरलं म्हणायचं. पण त्याच दिवशी, त्याच कचेरीत, माझ्यानंतर पाचच मिनिटांनी तुम्ही हायवेलगतचा बंगला घेतलात. त्या खतातही हेच शब्द आहेत. मग तेही रद्द ना?"

बंगला विकणारे गृहस्थ मागून आनंदाने ओरडले, "करा, करा! माझाही भाव वाढलाय!"

नानासाहेब ताडकन उठले. "खबरदार! त्या दिवशी माझी अक्कल अगदी शाबूत होती!"

"घ्या लिहून," कौसाबाई अध्यक्षांना म्हणाल्या. "आणि सही घेण्याआधी यांच्या कपाळाला हात लावून बघा. आज ताप नाही ना?"