बुलुलशेजारची रिकामी जागा

त्या मूर्तीची किंमत विचारू नका, पाव्हणे. कालही एकाने विचारली. गळ्यात कॅमेरा होता, लाज कुठे ठेवून आला होता कोण जाणे. आम्हां डोंगरातल्या इफुगाओ लोकांच्या घरी बुलुल म्हणजे शोभेची बाहुली नव्हे. कोठारातल्या भाताचा तो राखणदार. गुडघ्यांवर हात ठेवून बसतो, आणि तो बसलेला आहे तोवर भात पुरून उरतो. बुलुल जोडीने असतात, नवरा-बायको. आमच्या कोठारात एकटा बाप्याच आहे, शेजारची जागा रिकामी.

असं सांगतात की फार पूर्वी या कोठाराचा धनी पुगोंग होता. सपाटीवरच्या एका सरदाराकडे त्याने वाजवायचा पितळी थाळा पाहिला नि भुलला. थाळ्याच्या बदल्यात त्याने बाईची मूर्ती देऊन टाकली. देवी दिली हो त्याने, कोंबडी नव्हे. वर गावाच्या डोळ्यांत धूळ फेकायला तशीच दुसरी कोरून ठेवली. पुजाऱ्याचे मंत्र नाहीत, डुकराचं रक्त नाही, तांदळाच्या दारूचा शिंतोडा नाही. असलं लाकूड म्हणजे निव्वळ सरपण.

मग भात आटू लागला, म्हणे. भरलेलं कोठार आठ दिवसांत अर्धं. कोठारातून भात काढायची ती पुगोंगची बायको अगिनाया, म्हणून गाव तिच्यावरच चोरीचा संशय घेऊ लागलं. तिने मूर्तीवरून हात फिरवला, तर जुन्या रक्ताचा थरच नाही. तिने ते लाकूड चुलीत घातलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तिला परत आण. तोवर तिच्या जागी मी बसते."

गुडघ्यांवर हात ठेवून ती बसली. राखणदाराने राखणीतलं खायचं नसतं, म्हणून दाण्याला शिवली नाही. पुगोंग गेला खरा, पण सरदार मूर्ती देईना, आणि हा मेंगळट त्याच्या ओसरीवर आज-उद्या करत राहिला. रिकाम्या हाताने परतला तेव्हा एक पेंढीही कमी झाली नव्हती. अगिनाया मात्र बसल्या जागी थंड झाली होती. गावाने त्याला कोठारात पाऊल टाकू दिलं नाही. उंच खांबांवरच्या त्या कोठारातून बायकांनीच तिला खाली आणलं.

आजही त्या जागी आम्ही दुसरी मूर्ती बसवत नाही. कापणीची पहिली पेंढी आली की घरातली थोरली बाई दिवसभर उपाशी तिथे बसते. आणि पुगोंगच्या वंशातल्या पुरुषाने कोठाराचा उंबरा ओलांडायचा नाही, पेंढ्या शिडीवरूनच द्यायच्या. मी त्याच वंशातला. त्या माणसाची मला अजून चीड येते. तिथे माझी आई बसली, बायको बसली, आता सून बसते. माझी सत्तरी उलटली, पण आमच्या बुलुलचा चेहरा मी अजून जवळून पाहिलेला नाही.